दिल्या, तो एक किलो माझा होता

दिल्या, काल तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, मांडवाचे बांबू निघाले, आणि घरात मी, तुझी लेक तेजू आणि तुझा तो वजनकाटा एवढे तिघं उरलो. काटा पलंगाखाली असतो. तेजू रोज सकाळी तो बाहेर ओढते, त्याच्यावर उभी राहते, आकडा बघते आणि परत आत सारते. फरशीवरून तो घासत आल्याचा आवाज झाला की मी हातातलं काम टाकून तिकडे बघते. तुझ्या वेळी बघायचे तशीच.

मला तुझ्याशी भांडायचंय. मेलेल्याशी भांडू नये म्हणतात. म्हणू देत. जिवंत होतास तेव्हा भांडण अर्धं टाकून गाडी पकडायचास. आता कुठे पळशील?

टीव्हीवर एक अर्ज ठेवलाय, जॉकी तयार करणाऱ्या पुण्याच्या शाळेचा. तेजूला अजून अठरा पूर्ण नाहीत, म्हणून पालकाची सही लागते. तिची आई ती दोन वर्षांची असतानाच गेली, आता तूही गेलास, म्हणजे पालक मी, तिची आत्या. उद्या सकाळच्या गाडीनं तिला पुण्याला निघायचंय. तिथं तिचं वजन करतील, घोड्यावर बसवून बघतील. सही असेल तर जाणं, नसेल तर नाही. रकाना रिकामा आहे. पाचोरा डेपोत सगळे म्हणतात, अक्का कंडक्टर म्हणजे वाघीण, भरल्या गाडीत दारुड्याची कॉलर धरून त्याला खाली उतरवते. खरं आहे ते. पण त्या रिकाम्या रकान्याकडे मी नीट बघू शकत नाही. भीती वाटते रे मला. साधी, लहान पोरीसारखी भीती वाटते.

आणि ही काही आजची नाही. तू शर्यतीत उतरायला लागलास तेव्हापासून शनिवार-रविवारची दुपार मला कधी गोड लागली नाही. दोन ते पाच. मी गाडीत असायचे, हातात तिकिटाचं मशीन, पिशवीत फोन. फोन थरथरला की तिकीट अर्धं सोडून मी पिशवीत हात घालायचे. एरंडोलचं तिकीट मागणाऱ्याला जळगावचं दिलंय मी, आणि वर त्यालाच ओरडलेय की नीट बोलत जा. पाच वाजून गेले की मगच पाणी प्यायचे. इतर वारी मला काही वाटायचं नाही. सोमवार ते शुक्रवार मी अगदी निवांत असायचे.

आणि तू मंगळवारी गेलास. सकाळी, शर्यत नसताना, सरावाच्या वेळी. मी एरंडोलच्या गाडीत होते. एक म्हातारी कमरेची गाठ सोडून सुटे काढत होती, तेवढ्यात फोन आला. मी उचललासुद्धा बेफिकीर. मंगळवार होता ना.

तू कसा निघालास घरातून, ते आठवतं का? आपल्या आबांची सोनगीरला ती वरातीची घोडी, चंदा. नवरदेव उतरला की परतीच्या वाटेवर तू बसायचास, खोगीर नाही, काही नाही, मानेच्या केसांना धरून. सारंगखेड्याच्या जत्रेत आबांनी तिला विकायला नेली आणि गिऱ्हाइकाला चाल दाखवायला तुला वर बसवलं. पुण्याहून आलेल्या एका माणसानं घोडी घेतली नाही, तुला मागितलं. तुझं मनगट दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाला, हाडं बारीक आहेत, चालेल. मला तेव्हाच ते आवडलं नव्हतं. बैल बघतात तसं बघत होता मेला. तू निघालास तेव्हा मी सांजोऱ्यांचा डबा बांधून दिला, तर त्यानं तो मला परत केला. म्हणाला, "ताई, आता याला असलं काही द्यायचं नाही." डबा घेऊन मी तिथंच उभी राहिले. त्या सांजोऱ्या शेवटी चंदाला घातल्या.

पहिली तीन-चार वर्षं तू काय उडत होतास! तुझा जिंकलेला फोटो आबा धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि सोनगीरच्या किल्ल्यापासून हायवेपर्यंत दिसेल त्याला दाखवायचे. मग गळपट्टीचं हाड मोडलं. ते जुळलं, तर दुसऱ्या घोड्याला आडवा गेलास म्हणून तुला दोन महिने बसवून ठेवलं. तू म्हणालास, घोडाच कलला, मी नाही. मी म्हटलं, घोड्याला कोण विचारतंय? तू चिडून आठ दिवस फोन केला नाहीस. परत गेलास तोवर तुझे घोडे दुसऱ्यांकडे गेले होते. हे तुझ्या धंद्याचं मला कधी कळलं नाही. आमच्या खात्यात ड्रायव्हर रजेवर गेला तरी परत आल्यावर त्याला गाडी मिळते. तुला मिळायचा तो कुणाला नको असलेला घोडा, तोही मागे राहणारा. मग तू सकाळचा स्वार झालास. पहाटे पळवून घोडा तयार करायचा तू, आणि दुपारी टाळ्या घ्यायचा दुसरा.

आणि वजन. तिशी ओलांडली आणि अंगानं तुझं ऐकणं सोडलं. लोक उन्हाळ्यात थंड हवेला जातात, तू पाचोऱ्याला यायचास घाम गाळायला. तो रबरी सूट, त्यावर स्वेटर, आणि भर दुपारी गच्चीवर चकरा. शेजारीण मला विचारायची, "अक्का, तुमना भाऊले काय व्हयनं?" काय सांगणार? म्हणायचे, नवस आहे त्याचा. भरताच्या वाटीत तू करंगळी बुडवून चाटायचास आणि म्हणायचास, जेवण झालं. गालांत खड्डे पडले होते. पाठीची हाडं शर्टावरून मोजता यायची. मी भाकरी थापायचे आणि तुझ्याकडे बघायचे, आणि मला वाटायचं, हा पडून मरणार नाही, हा माझ्या डोळ्यांदेखत वाळून जाणार.

म्हणून मी ते केलं.

आता सांगते, ऐक. सात वर्षांपूर्वीची आखाजी, अक्षय्यतृतीयेचा सण. चार दिवसांनी तुझी शर्यत होती, मोसमाची शेवटची मोठी. किती वर्षांनी तुला चांगली घोडी मिळाली होती. तांबडी. तिला तू 'अक्का' म्हणायचास, का, तर जवळ गेलं की लाथ मारते. त्या सकाळी मी गेलेल्या आबांच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, खापरावर मांडे टाकायला घेतले. तू गच्चीवर चकरा मारत होतास. तुझ्या काट्याच्या खाली मागच्या बाजूला एक दातेरी चाक आहे. ते फिरवून काटा शून्यावर आणायचा, हे तूच मला शिकवलं होतंस. मी हाताचं पीठ पदराला पुसलं आणि ते चाक फिरवलं. एक किलो. शून्याच्या मागे. म्हटलं, एक किलोनं काय होतंय? पोरगा एक दिवस तरी जेवेल.

तू खाली आलास, काट्यावर चढलास, आणि तुझा चेहरा असा खुलला की मला लाज वाटली. पण मी वळून खापरावरचा मांडा काढायला लागले. तू पाट ओढलास आणि म्हणालास, "अक्का, आज जागा शे. वाढ." तीन मांडे खाल्लेस, रसात बुडवून बुडवून. चौथा तेजूच्या ताटातून पळवलास. हनुवटीवरून रस ओघळत होता आणि तू हसत होतास. मग जमिनीवर तिथंच आडवा झालास आणि घोरलास. इतक्या वर्षांत मी तुला पोटभर जेवून झोपलेला तेवढाच बघितला. मी वारा घालत बसले होते. देवाशपथ, मी खूश होते.

पाचव्या दिवशी तुझा फोन आला. शर्यतीआधी वजन केलं तेव्हा जास्त भरलं. वाफेच्या खोलीत बसवलं, तिथं तुला चक्कर आली, आणि घोडी दुसऱ्याला दिली. ती जिंकली. फोनवर तू एवढंच म्हणालास, "चूक मनी शे, अक्का. मी जास्त खाई लिधं." तिथं मालकालासुद्धा तू हेच सांगितलंस म्हणे, मला हाव सुटली. मी म्हटलं, जाऊ दे रे. जाऊ दे म्हटलं मी! जीभ झडली नाही माझी. तेव्हापासून तसली घोडी तुला पुन्हा कुणी दिली नाही.

पंधरा दिवसांनी तू आलास, एक दिवस राहिलास. तू काट्याकडे गेलास की मी स्वयंपाकघरात जायचे. तू गेल्यावर ते चाक मागे फिरवायला म्हणून मी काटा ओढला, तर काटा बरोबर शून्यावर. मला वाटलं, हलवाहलवीत आपोआप जागेवर आला. पद्मालयाच्या गणपतीला नारळ फोडून आले मी, पाप झाकलं म्हणून. बघ किती शहाणी तुझी बहीण.

त्यानंतर तू नेहमी लागेल त्यापेक्षा दोन किलो खाली राहायला लागलास. मी विचारलं, आणखी कशाला रे? तू हसून म्हणालास, "काट्यावर भरवसा ठेवू नये, अक्का." तू हसलास म्हणून मला वाटलं तू सहजच म्हणालास. पण ते दोन किलो माझ्यामुळे होते ना? ज्या मंगळवारी तू पडलास, त्याच्या पुढच्या शनिवारी तुला शर्यत मिळाली होती, कितीतरी महिन्यांनी. तीन दिवस तू पाण्याच्या घोटावर होतास. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नव्हतं. बघणारे म्हणाले, घोडा सरळ पळत होता, हाच आधी मान टाकून कलंडला. रोज मी हे असंच मांडत जाते आणि शेवटी माझ्याच दाराशी येऊन थांबते. रडू येत नाही तेव्हा. नुसती धडकी भरते.

दहाव्याला गिरणेच्या काठी पान मांडलं. कळण्याची भाकरी, भरीत, आणि मी हट्टानं केलेला मांडा. माझ्या मनात होतं, कावळा शिवायचा नाही. तुझा जीव तेजूत अडकलाय, मला काहीतरी कबूल करायला लावशील. मी हात जोडून तयारच होते. म्हणणार होते, दिल्या, माफ कर, मग म्हणशील ते करते. तर गुरुजी मागे सरकायच्या आत कावळा आला, एक नाही, तीन आले, आणि मांडा पळवला. सगळे म्हणाले, तृप्त होऊन गेला बिचारा. मी मनात म्हटलं, तृप्त कसला, उपाशी होता तो! मला तोंडही उघडू दिलं नाहीस.

आणि तुझी ही पोरगी. दिवाळीत आपलं भांडण झालं ते हिच्यावरूनच. तू तिला सोनगीरला नेऊन कुणाकुणाच्या वरातीच्या घोड्यांवर बसवायचास, माझ्यापासून चोरून. मी म्हटलं, घरात एक पुरे झाला, तिला मी सोडणार नाही. तू बुटाची नाडी बांधत होतास. म्हणालास, "तिला भीती वाटत नाही आणि भूक लागते. दोन्ही चांगलं शे." मी म्हटलं, तुला काय कळतं चांगलं-वाईट? त्यावर तू काहीतरी बोलणार होतास, पण रिक्षा आली. तेवढंच राहिलं ते.

ती मुळीच ऐकत नाही. परवा मी तिला म्हटलं, बापाचं काय झालं ते बघूनही तुला जायचंय? तेव्हा ती भांडी घासत होती. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "आत्या, पप्पा घोड्यामुळं नाही गेले. उपाशी राहून गेले." माझ्या हातातलं ताट खाली पडलं. तिला काही माहीत नव्हतं. तरी मला वाटलं, हिला सगळं माहीत आहे.

आज सकाळी ती फोटो काढायला बाजारात गेली. मी दाराला कडी घातली. आता खरं सांगायला सुरुवात केलीच आहे तर हेही सांगते. मी काटा ओढला. माझ्या मनात असं होतं की ते चाक या वेळी उलटं फिरवायचं, चांगलं तीन किलो. पोरगी निघायच्या आधी पुन्हा एकदा चढेल, आकडा शाळेनं सांगितलेल्याच्या वर जाईल, आपणच म्हणेल, आत्या, नाही जमायचं. सही नको, नकार नको, भांडण नको. माझे हात कोरडे. एकदा तुझ्यासाठी केलं होतं, आता तिच्यासाठी. त्या वेळी हात कापला होता, या वेळी कापत नव्हता, आणि त्याचंच मला भ्या वाटलं. तरी मी काटा पालथा केला.

चाकावर चिकटपट्टी होती.

ती पांढरी कापडी पट्टी, तू बोटांना गुंडाळायचास ती. कडेनं काळी पडलेली, चांगली जुनी. एकावर एक दोन थर, मधोमध दाबून बसवलेले. त्यावर बॉलपेननं तुझं ते कोंबडीच्या पायांचं अक्षर. "अक्का, आता हात नको लावू." आणि खाली, कडेला, जागा उरली तेवढ्यात, बारीक, "मांडा झकास व्हता."

मी तिथंच फरशीवर बसले. दिल्या, तुला माहीत होतं! सात वर्षं माहीत होतं, आणि तू येत राहिलास, माझ्या हातची भाकरी कोपऱ्यातून मोडत राहिलास, मला हसून 'काट्यावर भरवसा नको' म्हणत राहिलास. नारळ गणपतीला फोडला आणि काटा तू जागेवर आणला होतास. मालकाला तू म्हणालास, मला हाव सुटली. अरे, एकदा ओरडायचं तरी! शिवी द्यायचीस. मी घेतली असती.

आणि आता एक नवीनच किडा डोक्यात शिरलाय. रिकामा काटा शून्याच्या मागे एक किलो, आणि वीस वर्षं काट्यावर जगलेल्या माणसाला ते त्या आखाजीलाच दिसलं नसेल? चढायच्या आधी तू खाली बघितलं नसशील? 'आज जागा शे, वाढ' असं म्हणालास ते फसून म्हणालास, की बघून? हे मला आता कोण सांगणार? तू भुकेला होतास म्हणून जेवलास, की मी समोर बसले होते म्हणून? मी रडले, दिल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा रडले, तोंडात पदर कोंबून, कारण शेजारीण भिंतीला कान लावून असते.

तेजू आली तेव्हा काटा तसाच पालथा होता. कडी काढली, तिला आत घेतलं, खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. आखाजीचंही आणि आज सकाळचंही. ती पट्टीवर बोट फिरवत ऐकत होती. मला वाटलं, उठेल आणि निघून जाईल. ती म्हणाली, "चौथा मांडा माझा होता." आणि मग तीही रडली.

मी म्हटलं, आधी जेव. भाकरी टाकली, भरीत केलं, वरून तेलाची धार. एक भाकरी खाल्ली तिनं, अर्धी आणखी घेतली. पाणी पिऊ दिलं पोटभर. मग काटा सरळ केला, पट्टीला हात न लावता, शून्य बघितलं, दोघींनी बघितलं, आणि म्हटलं, चढ. ती चढली. भरल्या पोटी. आकडा शाळेनं सांगितलेल्याच्या आत होता, चांगला दीड किलो आत. हाडं तिची तुझ्यापेक्षाही बारीक आहेत, तिच्या आईवर गेली आहे.

मी तिला बजावलं, हा आकडा जेवून आला तर घोडा. ज्या दिवशी उपाशी राहून आणावा लागेल, त्या दिवशी मी स्वतः येऊन तुझ्या बखोटीला धरून गाडीत घालीन, मग तिथं कुणी असो. ती हो म्हणाली. तुझीच पोरगी आहे, हो म्हणणं सोपं आहे तिला. मला माहीत आहे, पुढं काय काय होऊ शकतं ते. शनिवार-रविवारची दुपार परत येणार, आणि आता मंगळवारची सकाळसुद्धा. सातही वार गेले माझे. भीती कमी झालेली नाही रे, उलट वाढली आहे. पण चोरून हात घालायचा नाही, एवढं तू लिहून ठेवलंयस.

अर्ज खाली काढला. रकान्यात पेन टेकवलं.

"आत्या, हात कापतोय तुझा," तेजू म्हणाली.

म्हटलं, "कापू दे. सही होतेय."